शिक्षेच्या टक्क्यावर सरकारी वकिलाची बढती ठरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचे पत्र आले होते. त्यांच्या घरी घरफोडी झाली, चार वर्षे केस चालली आणि शेवटी आरोपी सुटला. सरकारी वकिलाने पंधरा मिनिटांत युक्तिवाद उरकला, असे त्यांनी लिहिले आहे. त्यावर त्यांनी उपायही सुचवला आहे. दर सरकारी वकिलाच्या शिक्षेचा टक्का दरवर्षी जाहीर करावा, टक्का चांगला असेल त्यालाच पगारवाढ आणि बढती द्यावी, बाकीच्यांना घरी बसवावे. पुढच्या दोन दिवसांत त्या पत्राला पाठिंबा देणारी आणखी तीन पत्रे आली, म्हणून हे लिहायला बसले.

मी सत्तावीस वर्षे सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून काम केले. गेल्या वर्षी निवृत्त झाले. नोकरीत असताना वर्तमानपत्रात असे काही लिहिणे नियमात बसत नव्हते, आता ती अडचण नाही. सगळा काळ तालुक्याच्या ठिकाणी, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात गेला. टीव्हीवर दिसणारे विशेष सरकारी वकील वेगळे आणि सेशन कोर्टात उभे राहणारे जिल्हा सरकारी वकीलही वेगळे. आमच्याकडे येतात त्या चोऱ्या, घरफोड्या, मारामाऱ्या, अपघात, बायकोचा छळ. जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा देऊ शकणारे हे कोर्ट, पण सामान्य माणसाचा कायद्याशी संबंध आला तर तो बहुतेक वेळा इथेच येतो.

त्या गृहस्थांचा राग मला खोटा वाटत नाही. घरात चोर शिरून गेला की घरातल्या बाईमाणसाची झोप कितीतरी महिने जाते, हे मी फिर्यादींच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले आहे. पण त्यांनी सुचवलेला उपाय अमलात आला असता तर माझ्या हातून काय घडले असते, हे मला एका केसवरून नीट माहीत आहे. ती केस सांगते.

केस घरफोडीचीच होती. फिर्यादी एक साठीच्या पुढची विधवा बाई. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, ती एकटी घरात, आणि रात्री मागचे दार उचकटून पत्र्याच्या पेटीतले दागिने गेले. त्यात तिची बोरमाळ होती. लाखेवर चढवलेल्या सोन्याच्या मण्यांची, सासूकडून आलेली. पोलिसांनी दोन आठवड्यांत एका मुलाला पकडले. त्याच्यावर आधीचे दोन गुन्हे होते. बोरमाळ मिळाली. तपास झाला, दोषारोपपत्र आले, केस बोर्डावर लागली.

फिर्यादीची साक्ष मी घेतली तो दिवस अजून आठवतो. मुद्देमाल कारकुनाने लाखेचे सील तोडून पाकीट उघडले आणि बोरमाळ तिच्या हातात दिली. तिने ती डोळ्यांसमोर धरलीच नाही. साहेबांकडे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, बघत बघत अंगठ्याने एकेक मणी चाचपत गेली आणि एका मण्यावर थांबली. 'हा चेपलाय बघा. नातू लहान असताना त्यानं चावला होता.' साहेबांनी माळ मागून घेतली, मणी पाहिला आणि तसे लिहून घेतले. माल ओळखला गेला. राहिला प्रश्न इतकाच, की तो आरोपीकडून मिळाला हे दाखवायचे.

त्यासाठी पंचनामा होता. आरोपी पंचांसमोर म्हणाला की दागिने पुरले आहेत ती जागा दाखवतो; मग तो पोलिसांना आणि पंचांना घेऊन गेला आणि एका विहिरीजवळच्या दगडाखालून बोरमाळ काढून दिली. जुन्या पुरावा कायद्याचे कलम २७ ते हेच. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, पण आरोपीने सांगितल्यामुळे जी वस्तू सापडते, तेवढ्यापुरते त्याचे बोलणे चालते. घरफोडीच्या बहुतेक केसेस या एका पंचनाम्यावर उभ्या राहतात नाहीतर पडतात.

दुसऱ्या दिवशी पंचाची साक्ष होती म्हणून आदल्या रात्री मी कागद घरी वाचत होते. पंचनाम्याची तारीख वाचली आणि वेळ वाचली : दुपारी चार ते पावणेसहा. ठिकाण कोर्टापासून पस्तीस किलोमीटरवर. त्याच गठ्ठ्यात चार पाने मागे रिमांड रिपोर्टची, म्हणजे कोठडी मागताना पोलिसांनी दिलेल्या अहवालाची, प्रत होती, तारीख तीच. पहिली पोलीस कोठडी संपली म्हणून त्या दिवशी आरोपीला पुन्हा हजर केले होते, आणि कोठडी वाढवून देताना साहेबांनी सहीखाली वेळ टाकली होती : चार वाजून चाळीस मिनिटे.

मी माझी त्या वर्षीची डायरी काढली. रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या कामाच्या दोन-चार ओळी लिहायची मला सवय होती. त्या दुपारी कोठडी वाढवून मागण्यासाठी मीच उभी राहिले होते. म्हणजे पंचनाम्याप्रमाणे ज्या वेळी तो मुलगा विहिरीजवळ दगड उचलत होता, त्या वेळी तो माझ्यापासून चार हातांवर, पोलिसांच्या मध्ये उभा होता.

सकाळी कोर्ट सुरू होण्याआधी मी तपासी अंमलदाराला बाजूला घेतले. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे त्या वर्षी किती गुन्हे तपासाला होते ते मला माहीत होते. तो म्हणाला, 'मॅडम, वेळ तेवढी चुकली. समोरच्या वकिलाच्या ध्यानात आलेलं नाही, आपण कशाला उकरायचं?' मी विचारले, माळ नक्की कुठून मिळाली, कोणी दाखवली? तो गप्प राहिला. मग म्हणाला, 'माल खरा आहे ना मॅडम? बाईनं ओळखला ना?'

समोरचे वकील, ज्याला वकील परवडत नाही त्याला मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीकडून नेमलेले, सनद घेऊन दोन वर्षेही न झालेले. त्यांच्या ध्यानात खरोखरच आले नव्हते. मी गप्प बसले असते तर कोणालाही कळले नसते. पंचाने पढवल्याप्रमाणे सांगितले असते, उलटतपासात तेच ते ठरीव प्रश्न झाले असते आणि त्या मुलाला बहुधा शिक्षा झाली असती. आधीचे दोन गुन्हे असलेल्या पोरासाठी कोण रडणार होते?

पंच पिंजऱ्यात उभा राहिला. मी त्याला पंचनामा दाखवून सही ओळखायला सांगितली. सही त्याचीच होती. मग विचारले, ही सही कुठे केली? तो गोंधळला, कारण या जागी हा प्रश्न येईल असे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. म्हणाला, 'पोलीस ठाण्यात.' इथे सरकारी वकिलाने काय करायचे ते ठरलेले असते. साक्षीदार फितूर झाला असे म्हणून परवानगी मागायची आणि त्याचाच उलटतपास घ्यायचा. मी परवानगी मागितली नाही. त्या दिवशीचा रिमांडचा आदेश साहेबांच्या समोर ठेवला आणि वेळ वाचून दाखवली. कोर्टात क्षणभर कोणीच बोलले नाही. समोरच्या तरुण वकिलांनी माझ्याकडे पाहिले ते अजून डोळ्यांपुढे आहे. दुसरा पुरावा नव्हता. ना बोटांचे ठसे, ना कोणी पाहिलेले. आरोपी सुटला.

निकालानंतर बोरमाळ फिर्यादीला परत देण्याचा आदेश झाला. मुद्देमालाच्या खोलीबाहेर तिने मणी मोजून घेतले, पावतीवर अंगठा दिला आणि माझ्याकडे वळून विचारले, 'बाई, तुम्ही माझ्याच बाजूच्या होता ना?'

मी म्हणाले, 'मावशी, मी सरकारच्या बाजूची.'

ती काही न बोलता निघून गेली. गावात मग 'वकीलबाई मॅनेज झाल्या' असे बोलले गेले, ते माझ्यापर्यंत आले. त्याचे मला फारसे काही वाटले नाही. माझे ते उत्तर मात्र आजवर डाचते, कारण ते अर्धवट होते. तिला सांगायला हवे होते की मावशी, तुमच्या घरात कोण शिरले हे कोणालाही कळलेले नाही. या पोराला आत टाकले असते तर फाईल बंद झाली असती, आणि जो खरा तुमचे दार उचकटून आला तो मोकळा फिरला असता आणि त्याच्यावर कोणाची नजरही राहिली नसती. मी तुमच्याच बाजूची होते म्हणून तो कागद दाखवला. त्या मुलानेच चोरी केली असेल का? असेलही. पण ते मला सिद्ध करता येत नव्हते, आणि ज्या कागदाने ते सिद्ध होणार होते तो कागद खोटा होता. हेही लिहिले पाहिजे की निकालानंतर तो तपास कोणी पुन्हा उघडला नाही. मीही त्यासाठी पाठपुरावा केला नाही.

आता पत्रलेखकांनी सुचवलेला टक्का त्या सकाळच्या जागी ठेवून पाहा. वर्षाच्या शेवटी माझी पगारवाढ, मुलीच्या कॉलेजची फी, हव्या त्या ठिकाणची बदली, सगळे त्या आकड्यावर टांगलेले आहे. समोरच्या वकिलाच्या ध्यानात आलेले नाही. मी तो कागद दाखवला असता का? दाखवला असता, असे छातीठोकपणे सांगणे मला जमणार नाही. माझ्या बरोबरीच्या कितीजणांनी दाखवला असता, तेही सांगता येणार नाही. माणसाला अशा जागी उभे करूच नये, एवढेच मला कळते.

शिवाय हा टक्का वाढवायला चांगले काम करावे लागतेच असे नाही. एका एकोणीस वर्षांच्या मुलाची केस होती, मोबाइल चोरीची. त्याला जामीन मिळाला होता, पण जामीनदार कोणी नव्हता, म्हणून तो चार महिने तुरुंगातच होता. तारखेला आणले तेव्हा त्याने पोलिसांना विचारले, 'कबूल म्हटलं की आजच सोडतात का?' सोडतात. भोगली तेवढीच शिक्षा होते आणि माणूस संध्याकाळी घरी जातो. त्याने कबूल म्हटले. साहेबांनी दोनदा विचारले, 'समजून सांगतोस ना?' तो दोन्ही वेळा हो म्हणाला. त्या महिन्याच्या तक्त्यात माझ्या नावापुढे एक शिक्षा चढली. त्याने चोरी केली होती की नाही हे ना मला कळले ना कोर्टाला, कारण एकही साक्षीदार तपासला गेला नाही. जुगाराच्या आणि दारूच्या किरकोळ केसेसमध्ये तर कबुली आणि दंड हा दुपारपर्यंतचा कार्यक्रम असतो. ज्याला टक्का हवा तो या केसेस पुढे ओढील आणि अवघड केस, जिथे एखादी सून जळून आली आहे किंवा जिथे गावातला वजनदार माणूस आरोपी आहे, ती मागे सारील. आकडा छान दिसेल.

जामिनाच्या वेळीही तेच. अर्ज आला की साहेब आमचे म्हणणे मागतात, कोर्टाच्या भाषेत 'से'. पोलिसांकडून अहवाल येतो, त्यात शेवटची ओळ ठरलेली : जामिनास तीव्र हरकत आहे. ती ओळ तशीच उतरवून सही करणे हे सर्वांत सोपे काम. तपास संपलेला आहे, जप्त करायचे काही उरलेले नाही, आरोपीचे घरदार इथेच आहे, अशा वेळी मी 'न्यायालयाने योग्य तो आदेश करावा' असे लिहीत असे. त्यावरून ठाण्यातल्या मंडळींशी माझे खटके उडाले. एका अधिकाऱ्याने मला सरळ विचारले होते, तुम्ही नक्की कोणाच्या वकील?

हा प्रश्न नवा नाही. पूर्वी या कोर्टांत पोलीस प्रॉसिक्युटर असत. तपास पोलिसांचा आणि खटला चालवणाराही पोलिसांचाच. एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १९५८ साली आपल्या चौदाव्या अहवालात खटला चालवणारी यंत्रणा पोलिसांपासून वेगळी करा, असे सांगितले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २५ आले आणि पोलीस अधिकारी या पदाला पात्र नाही असे लिहिले गेले. तरीही आपल्या राज्यात सहायक सरकारी अभियोक्ते प्रशासनाच्या दृष्टीने पोलीस खात्याच्याच हाताखाली राहिले. ते थांबले कारण आमच्याच आधीच्या पिढीतले काही अभियोक्ते सर्वोच्च न्यायालयात गेले. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९९५ साली न्यायालयाने सांगितले की यांना पोलिसांच्या ताब्यातून मोकळे करा, यांचा वेगळा संवर्ग करा आणि त्याच्या प्रमुखाला थेट राज्य सरकारला जबाबदार ठेवा. मी नोकरीला लागले तेव्हा ही गोष्ट ताजी होती. आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी ते सांगताना आवाज खाली करत, जणू पोलीस अजून शेजारच्या टेबलावर बसले आहेत.

त्या निकालाच्या आदल्याच वर्षी, १९९४ मध्ये, टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या एका प्रकरणात, तेही महाराष्ट्रातलेच, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की सरकारी वकील म्हणजे पोलिसांचे कागद पुढे पाठवणारे पोस्ट ऑफिस नव्हे; त्याने स्वतःची बुद्धी वापरली पाहिजे. १९९९ च्या शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या निकालात तर याहून स्पष्ट सांगितले आहे : खऱ्या गोष्टी काहीही असोत, आरोपीला कसेही करून शिक्षा व्हावी अशी तहान सरकारी वकिलाला असता कामा नये, आणि आरोपीच्या फायद्याची बाब त्याच्या हक्काची असेल तर ती कोर्टापुढे आणणे हेही सरकारी वकिलाचेच काम आहे. पगाराला टक्का जोडणे म्हणजे ही तहान सरकारी हुकमाने लावणे. ज्या बेड्या काढायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले त्या आपण पगारपत्रकातून परत घालणार.

याचा अर्थ आम्हाला कोणी विचारू नये, असा मुळीच नाही. गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या प्रकरणात जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितले की प्रत्येक निर्दोष सुटकेनंतर ती का झाली हे तपासा, आणि तपास करणाऱ्याची किंवा खटला चालवणाऱ्याची निष्काळजी दिसली तर त्याच्यावर कारवाई करा. मला हे पूर्ण मान्य आहे. त्यात 'का' विचारले आहे, 'किती' नव्हे. अडचण अशी की हा 'का' आम्ही स्वतःच लिहितो, आणि लिहिताना स्वतःला वाचवतो. मीही वाचवले आहे.

एका अपघाताच्या केसमध्ये एकच डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार होता, शेतमजूर. ट्रॅक्टरने सायकलवाल्याला उडवले, सायकलवाला जागीच गेला, आणि हा बांधावरून पाहत होता. समन्स मिळाल्यावर तो आला. त्या दिवशी साहेब रजेवर. दुसऱ्यांदा आला तेव्हा आरोपीच्या वकिलांनी तारीख मागितली. साक्षीदार हजर असताना खास कारण लिहिल्याशिवाय तारीख देऊ नये, असे कायदाच सांगतो. मी ते दाखवून विरोध करायला हवा होता. केला नाही, कारण त्या सकाळी माझ्याकडे दोन कोर्टे होती आणि पैरवी हवालदाराने (कोर्टातले पोलिसांचे काम बघणाऱ्या हवालदाराने) ती फाईल माझ्या हातात दिली तेव्हा अकरा वाजून गेले होते. मी ती वाचलेलीच नव्हती. तारीख पडली म्हणून मला हायसे वाटले, हे खरे सांगते. तिसऱ्यांदा आरोपीच गैरहजर. दर खेपेला हा माणूस सकाळी पहिल्या एसटीने यायचा, व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायचा आणि चार वाजता मी त्याला सांगायचे, पुढच्या महिन्यात या. त्याचा दिवसाचा रोज बुडायचा. साक्षीदाराला भत्ता द्यायची तरतूद कायद्यात आहे, पण तो मिळवण्यासाठीही त्याने खेटे घालायचे का? चौथ्यांदा तो पिंजऱ्यात आला आणि म्हणाला, 'मला काही दिसलं नाही.' मी त्याला फितूर ठरवून घेतले. ट्रॅक्टरवाला सुटला. कारणांच्या रकान्यात मी लिहिले : साक्षीदार फितूर झाल्यामुळे.

ते खरे नव्हते. त्या माणसाला ट्रॅक्टरवाल्याने किती दिले किंवा काय सांगितले ते मला माहीत नाही. पण पहिल्या दिवशी तो खरे बोलायलाच आला होता, हे मला माहीत आहे, कारण व्हरांड्यात मी त्याच्याशी बोलले होते. त्याने हाताने दाखवले होते ट्रॅक्टर कुठून आला, सायकल कुठे पडली. मयताची बायको त्या दिवशी तिथेच बसली होती आणि ऐकत होती.

माझा हिशेब मागायचा असेल तर तो इथे मागा. शिक्षा किती झाल्या हे विचारण्याऐवजी असे विचारा : तुझ्या कोर्टातून किती साक्षीदार साक्ष न होता परत गेले, आणि त्या प्रत्येक वेळी तू उठून विरोध केलास का? कोर्टाच्या रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामाच्या नोंदीत, हे सगळे लिहिलेले असते, ते मोजायला कोणी बसत नाही, इतकेच. दोषारोपपत्र आले त्या दिवशी तू ते वाचलेस का, वेळेची चूक, न झालेली ओळख परेड, न मागवलेला सीए रिपोर्ट (रासायनिक तपासणीचा अहवाल) तेव्हाच लिहून कळवलास का, की चार वर्षांनी साक्षीच्या आदल्या रात्री पाहिलास? माझ्या बोरमाळेच्या केसमध्ये ती वेळ मी दोषारोपपत्र आले तेव्हाच वाचली असती तर तपास तेव्हा कोमट तरी होता. पुढे काही शोधता आले असते. हे मी कधी कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही. तक्त्यात तसा रकानाच नाही.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जिल्हा पातळीवर अभियोग संचालनालय, म्हणजे सरकारी वकिलांच्या कामावर देखरेख करणारे कार्यालय, आले आहे. सात वर्षांपासून दहा वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांचा अहवाल तपासण्याचे काम उपसंचालकाकडे नेमून दिले आहे, हे चांगले झाले. त्याखालच्या गुन्ह्यांसाठी सहायक संचालकाने देखरेख करावी, एवढेच लिहिले आहे. साध्या चोऱ्या, अपघात, मारामाऱ्या बहुतेक त्याखाली येतात. एका अभियोक्त्याकडे दोन-दोन कोर्टे राहिली तर ही देखरेख सहीपुरतीच उरेल. माणसे भरा, एका कोर्टाला एक अभियोक्ता द्या, साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत फाईल त्याच्या टेबलावर पोहोचेल असे बघा. आणि मग तो कामचुकार निघाला तर त्याला खुशाल घरी पाठवा, मी त्याची बाजू घेणार नाही.

आता त्या पत्रलेखक गृहस्थांना दोन शब्द. आपल्या केसचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे सरकारी वकिलाने कुचराई केली की नाही यावर बोलणार नाही. पण आपण निकाल वाचला आहे असे आपल्या पत्रावरून वाटत नाही. निकालपत्राची नक्कल मागा. त्यात पंचनाम्याबद्दल न्यायाधीशांनी काय लिहिले आहे ते आधी वाचा. आपल्या केसच्या तारखा ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दिसतील. कोणत्या तारखेला कोण हजर होते आणि काम का पुढे गेले, हे बघायला रोजनाम्याचीही नक्कल काढा. आणि मुख्य म्हणजे, सरकारने अपील केले नाही तर सगळे संपले असे समजू नका. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याला सुटकेविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्क ३१ डिसेंबर २००९ पासून आहे. तेव्हा तो प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ मध्ये होता, नव्या संहितेत कलम ४१३ मध्ये आहे. त्यासाठी आधी परवानगी मागावी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालावर ते सेशन कोर्टात करायचे असते. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत चौकशी करा, ती बहुधा कोर्टाच्या आवारातच असते. नक्कल मिळायला वेळ लागतो, तेव्हा अर्ज या आठवड्यातच टाका.

संपादक महोदय, माझे नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे. तो छापू नये. तालुका लहान आहे, नाव छापले तर या केसेसमधली माणसे ओळखू येतील.

आपली,
एक निवृत्त सहायक सरकारी अभियोक्ता